अमली पदार्थविषयक गुन्हे व दोषारोप (भारत)

भारतात अमली पदार्थांसंबंधीचे बहुतेक सर्व गुन्हे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्याखाली नोंदवले जातात. पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत तो ‘एनडीपीएस’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आलेल्या या कायद्याने १८५७ व १८७८ चे अफूविषयक कायदे आणि १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा रद्द केला. लागवड, उत्पादन, ताबा, खरेदी, विक्री, वाहतूक व सेवन या साऱ्यांना कलम ८ ने मनाई केली असून, वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांसाठी परवान्याने दिलेली मुभा तेवढी वगळली आहे.

आरोपीवर कोणते कलम लागणार हे आधी पदार्थावरून ठरते. अफूच्या बोंडांचा चुरा कलम १५ मध्ये येतो, अफू कलम १८ मध्ये, गांजा व चरस कलम २० मध्ये, हेरॉइन, मॉर्फिन, कोकेन ही तयार औषधी द्रव्ये कलम २१ मध्ये, तर महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत ‘एमडी’ या नावाने घरोघरी माहीत झालेला मेफेड्रोन कलम २२ मध्ये. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे भांगेच्या (कॅनॅबिस) झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यात मोडत नाहीत. भांग या कायद्याबाहेर राहून राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे गेली, ती यामुळेच.

शिक्षा मात्र ठरते ती तराजूवर. २००१ च्या दुरुस्तीने प्रत्येक पदार्थाचे अल्प प्रमाण आणि व्यावसायिक प्रमाण अशा दोन मर्यादा आणल्या. गांजासाठी त्या १ किलो व २० किलो आहेत, चरससाठी १०० ग्रॅम व १ किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ ग्रॅम व १०० ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन मर्यादांच्या मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा व कमाल वीस वर्षे आणि एक ते दोन लाख रुपये दंड. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती आरोपीच्या घरच्यांना बहुधा फार उशिरा कळते. विक्रीचा हेतू हा या कलमांतला स्वतंत्र घटक नाही. माल स्वतःसाठी ठेवला की विकण्यासाठी, हे न पाहता ताबा आणि विक्री एकाच वाक्यात, एकाच शिक्षेला बांधलेली आहेत. शिवाय एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, भेसळीसकट संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असा निर्णय दिला. त्यामुळे चार ग्रॅम हेरॉइन तीनशे ग्रॅम भुकटीत मिसळलेले सापडले, तर गुन्हा व्यावसायिक प्रमाणाचा होतो.

म्हणूनच या खटल्यांत पंचनाम्याचा शब्द न शब्द तपासला जातो. जागेवर कोणता वजनकाटा वापरला, पाकिटासकट वजन केले की पाकीट वगळून, लाखेची मोहोर कोणाची, पंच नेमके कुठे उभे होते, गांजात पाने आणि काड्या किती होत्या, यांवर उलटतपासणी तासन्‌तास चालते. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क कलम ५० नुसार आरोपीला सांगावाच लागतो. हातातल्या पिशवीच्या झडतीला मात्र ही अट लागत नाही. मुद्देमालाची यादी व नमुने न्यायदंडाधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेण्याची तरतूद कलम ५२अ मध्ये आहे.

ज्याच्याजवळ काहीच सापडले नाही त्याच्यावरही दोषारोप होऊ शकतो. आपली खोली किंवा वाहन जाणूनबुजून वापरू देणे कलम २५ खाली, कट व अपप्रेरणा कलम २९ खाली, तर अवैध व्यापाराला पैसा पुरवणे कलम २७अ खाली गुन्हा ठरते आणि या शेवटच्याला दहा ते वीस वर्षे शिक्षा आहे. मोठ्या प्रमाणाच्या काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास कलम ३१अ ने मृत्युदंड सक्तीचा केला होता. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती अमान्य केली आणि २०१४ च्या दुरुस्तीने तो न्यायालयाच्या विवेकावर सोपवला.

व्यावसायिक प्रमाण असेल, किंवा कलम १९ (परवानाधारक शेतकऱ्याने केलेली अफूची अफरातफर), कलम २४ (परवानगीविना देशाबाहेरील अमली पदार्थांचा व्यवहार) किंवा २७अ लागले असेल, तर कलम ३७ जामिनाच्या आड येते. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. खटला उभा राहण्याआधीच निर्दोषत्वाची झलक दाखवायची, हा भार फार जड आहे. अशा गुन्ह्यांत आरोपपत्रासाठीही १८० दिवसांची मुदत आहे.

सेवनाचा गुन्हा कलम २७ मध्ये वेगळा आहे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन यांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत, इतर पदार्थांच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वतःहून शासनमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेऊ लागला, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.