शेजाऱ्यांनी घेतलेली हमी

१९७९-८० मध्ये आग्नेय आशियातल्या निर्वासित छावण्यांमधून निघालेली विमानं कॅनडात एडमंटन आणि माँट्रियलच्या लष्करी तळांकडे येत होती. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातली कुटुंबं उतरायची. अंगावर उन्हाळी कपडे आणि बाहेर बर्फ. तळावर वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रं व्हायची, जाड कोट आणि बूट मिळायचे आणि पुढच्या गावाचं तिकीट हातात पडायचं. त्या गावी पाच-दहा अनोळखी माणसं नावाची पाटी धरून उभी असत. या कुटुंबाचं वर्षभराचं घरभाडं, किराणा आणि कपडालत्ता आम्ही बघू, अशी लेखी हमी त्यांनी सरकारला दिलेली होती.

निर्वासिताला देशात घ्यायचं की नाही, हे सरकार ठरवतं. पण मुलाचं नाव शाळेत घालायला, डॉक्टरकडे सोबत जायला आणि विजेचं बिल कुठे भरायचं ते दाखवायला शेजारीच लागतो. ही मदत पूर्वीपासून होती. १९७८ मध्ये कॅनडात फक्त तिला कायद्याचा आधार मिळाला.

त्याआधी सगळा भार लोकांच्या उत्साहावर होता. १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि सुमारे अडीच लाख बेल्जियन ब्रिटनमध्ये आले. गावोगावी समित्या निघाल्या, लोकांनी घरातल्या खोल्या रिकाम्या करून दिल्या. पण लढाई लांबली तसा उत्साह ओसरला, वर्गणी आटली आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारला उचलावा लागला. १९३८-३९ मध्ये नाझी राजवटीतून जवळपास दहा हजार मुलं ब्रिटनने घेतली, बहुतेक ज्यू. ती आईवडिलांशिवाय आली आणि पुढे दर मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. ज्यांना घर ठरलेलं नव्हतं त्यांना हार्विचजवळ डोव्हरकोर्ट इथल्या सुट्टीच्या छावणीत ठेवलं. कडाक्याच्या थंडीत, उन्हाळ्यासाठी बांधलेल्या लाकडी खोल्यांमध्ये. तिथे मुलं सांभाळायला तयार असलेले लोक यायचे, मुलं बघायचे आणि निवडायचे. लहान, गोंडस मुलं पटकन जायची, मोठे मुलगे मागे राहायचे. या मदतीने हजारो जीव वाचले, याबद्दल शंका नाही. पण नियम नसलेली दया माणसाला किती अवघड जागी उभं करते, तेही या छावणीत दिसतं.

कॅनडाच्या १९७६च्या स्थलांतर कायद्याने (अंमल १९७८ पासून) नागरिकांच्या गटांना निर्वासितांची जबाबदारी घेण्याची मुभा दिली. त्याखाली पहिला मोठा करार मार्च १९७९ मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मध्यवर्ती समितीने केला. हे योगायोगाने झालं नाही. १९२०च्या दशकात सोव्हिएत रशियातून सुमारे वीस हजार मेनोनाइट कॅनडात आले होते, तेही एका रेल्वे कंपनीकडून प्रवासखर्च उधार घेऊन. आधी स्थायिक झालेल्या पंथबांधवांनी त्या कर्जाची जबाबदारी घेतली होती आणि ते पूर्ण फिटायला १९४६ उजाडलं. कोणीतरी आपली हमी घेतली होती, ही आठवण त्या घरांत अजून ताजी होती.

करार केवळ पंथांपुरते नव्हते. कोणतीही पाच प्रौढ माणसं एकत्र येऊन गट करू शकत. २४ जून १९७९ ला टोरांटोत प्राध्यापक हॉवर्ड अ‍ॅडेलमन यांच्या घरी काही लोक जमले. मंत्र्यांना पत्र लिहावं, एवढाच बेत होता. बैठकीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितलं की पत्रापेक्षा तुम्ही स्वतःच कुटुंबं घेऊ शकता. त्यातून ‘ऑपरेशन लाइफलाइन’ उभं राहिलं आणि थोड्याच दिवसांत त्याच्या शाखा देशभर निघाल्या. ओटावाच्या महापौर मॅरियन ड्यूअर यांनी एकट्या आपल्या शहरात चार हजार जणांना आणण्याचं ठरवलं.

जुलैमध्ये सरकारने १९८० अखेर पन्नास हजार निर्वासितांचं लक्ष्य जाहीर केलं आणि वचन दिलं की लोकांनी एक माणूस आणला की सरकार एक आणेल. लोकांनी आपला वाटा धडाधड उचलला. मग डिसेंबरमध्ये सरकारने आपला वाटा कमी केला. लोकच आकडा पूर्ण करतायत, तर तो पैसा कंबोडियातल्या मदतीला देऊ, असा हिशेब मांडला. कंबोडियात उपासमार होती, ती गरज खोटी नव्हती. तरीही गटांना फसवल्यासारखं वाटलं आणि मला ते रास्त वाटतं. त्यांनी आपल्या खिशातून दिलं ते जास्त माणसं यावीत म्हणून, सरकारचं ओझं हलकं व्हावं म्हणून नव्हे. एप्रिल १९८० मध्ये नव्या सरकारने सरकारी वाट्यात दहा हजारांची भर घातली आणि लक्ष्य साठ हजारांवर गेलं. या दोन वर्षांत आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना नागरिकांच्या गटांनी आणलं. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं, निर्वासितांसाठीच्या कामाबद्दल दिलं जाणारं नान्सेन पदक ‘कॅनडाच्या जनतेला’ मिळालं.

‘लोकांची मदत सरकारच्या मदतीवर भर म्हणून, तिच्या बदल्यात नाही’ हा आग्रह तेव्हापासून या चळवळीने सोडलेला नाही. २०१५ मध्ये सीरियन निर्वासितांसाठी कॅनडात पुन्हा गट जमले. १९८०च्या आसपास स्वतः असंच आलेले काही व्हिएतनामी यावेळी हमी देणाऱ्यांत होते. २०१६ मध्ये ब्रिटनने याच धर्तीवर योजना सुरू केली. २०२२ मध्ये तिथे युक्रेनच्या लोकांना घरात ठेवणाऱ्यांना सुरुवातीला महिन्याला ३५० पौंड मिळू लागले.

अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये ‘वेलकम कॉर्प्स’ ही अशीच योजना काढली. तिथेही किमान पाच जणांचा गट. दोन वर्षांनी, २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने निर्वासितांचा प्रवेशच थांबवण्यात आला. ठरलेली विमानं रद्द झाली आणि ज्यांच्या स्वागताची तयारी गटांनी करून ठेवली होती, ती कुटुंबं छावण्यांतच राहिली.