यॉर्कशायरच्या तुकडीत बारा गावचे वैमानिक

ब्रिटिश हवाई दलाची ६०९ स्क्वाड्रन मुळात अगदी घरगुती. १९३६ मध्ये लीड्सजवळ येडनला ती उभी राहिली. आसपासची मंडळी आठवडाभर आपापले कामधंदे सांभाळायची आणि शनिवार-रविवारी विमानं उडवायची. बोधचिन्हातही यॉर्कशायरचा पांढरा गुलाब. अशा ठिकाणी परका माणूस शिरणार कसा?

वाट करून दिली ती फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कच्या लढाईने. १९४० च्या मे-जूनमध्ये तिथल्या आकाशात जुन्या सवंगड्यांपैकी बरेच गेले. रिकाम्या जागांवर जे आले त्यांत नोव्हिएर्स्की आणि ओस्ताशेव्स्की हे पोलिश वैमानिक होते. मायदेश हातचा गेलेला, पण उडण्याचा अनुभव दांडगा.

ऑगस्टमध्ये टोबिन, मामेदॉव्ह आणि किओ हे तीन अमेरिकन दाखल झाले. अमेरिका तटस्थ, परक्या सैन्यात भरती व्हायचं म्हणजे नागरिकत्वावर पाणी सोडायची तयारी हवी. हे तिघं खरं तर फ्रान्ससाठी लढायला निघाले होते, पण तोवर फ्रान्सच कोसळला. किओची उंची जेमतेम चार फूट दहा इंच. स्पिटफायर या लढाऊ विमानातून बाहेरचं दिसावं म्हणून तो बुडाखाली उशा घेऊन बसे. पुढे तिघंही अमेरिकनांसाठीच निघालेल्या ७१ ईगल स्क्वाड्रनमध्ये गेले आणि १९४१ च्या ऑक्टोबरपर्यंत तिघंही संपले. त्यांचा देश युद्धात उतरला तो त्यानंतर, डिसेंबरात.

१९४१ पासून बेल्जियनांची रीघ लागली. बिगिन हिल या हवाई तळाजवळच्या एका पबच्या मालकिणीने त्यांच्यातल्या एकाला बोकड दिला; विल्यम नावाच्या त्या बोकडाला तुकडीने चक्क बढत्याही दिल्या.

त्या बेल्जियनांतला जाँ द सेलिस लाँशाँ विसरण्यासारखा नाही. २० जानेवारी १९४३ रोजी ठरलेली कामगिरी आटोपल्यावर त्याने जोडीदाराला परत पाठवलं आणि टायफून विमान परस्पर ब्रसेल्सकडे वळवलं. लुईझ अव्हेन्यूवरच्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, इमारतीवर तोफांचा मारा केला आणि शहरावर झेंडे टाकून परतला. हुकूम मोडला म्हणून त्याचा हुद्दा उतरवला. त्याच धाडसासाठी डीएफसी हे हवाई शौर्याचं पदकही दिलं. हवाई दलाचं हे गणित मला अजून सुटलेलं नाही. ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या मॅन्स्टनच्या तळावर उतरताना विमान कोसळून तो गेला.

१९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीवर लढताना या यॉर्कशायरच्या तुकडीचे प्रमुख बेल्जियनच होते: आधी गीर्ट्स, मग लालमाँ.