चुकलेला रिव्हेट आणि त्याचं भोक

28 ऑक्टोबर 2024 रोजी बडोद्यात सी-295 या वाहतूक विमानाच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. हवाई दलाच्या 56 विमानांपैकी 40 इथे तयार व्हायची आहेत. 1890 मध्ये सयाजीरावांनी कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं तेव्हापासून इथल्या मराठी घरांत यंत्रांच्या गप्पा आहेतच. आता त्यांत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि पत्रे जोडायला भोकात घालून ठोकायची धातूची खीळ, म्हणजे रिव्हेट, हेही आले. घरच्या घरी धातूचं विमान बांधणाऱ्या हौशी लोकांचाही विषय निघतो आणि कुणीतरी विचारतं, "एखादा रिव्हेट चुकला तर काढून दुसरा ठोकायचा, एवढंच ना?"

तेवढंच नाही. कारण समजून घ्यायला बॉयलरच्या काळात जावं लागतं. 1830 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश अभियंते विल्यम फेअरबर्न यांनी रिव्हेट मारलेले जोड ओढून, तोडून पाहिले. अखंड पत्र्याची ताकद 100 धरली तर रिव्हेटच्या दोन ओळींचा जोड साधारण 70 आणि एका ओळीचा 56 भरला. भोक पाडलं की पत्रा कमजोर होतो आणि रिव्हेट त्याची पूर्ण भरपाई कधीच करत नाही, हे तेव्हाच आकड्यांत मांडलं गेलं.

विमानाला हलका धातू मिळाला तो जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांच्यामुळे. 1906 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की तांबं आणि मॅग्नेशियम मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवल्यावर काही दिवसांत आपोआप कडक होत जातं. हाच ड्युरॅल्युमिन. पत्र्याला हा गुण उत्तम, रिव्हेटला मात्र अडचणीचा. उष्णता देऊन मऊ केलेला रिव्हेट कडक व्हायच्या आत मारावा लागे, नाहीतर बर्फाच्या थंडीत ठेवावा लागे. पुढे कमी तांब्याचा 2117 मिश्रधातू आला. तो साध्या तापमानाला, डब्यातून काढून थेट मारता येतो. डोक्यावर बारीक खड्डा असलेले 'एडी' रिव्हेट ते हेच. घरगुती विमानबांधणी गॅरेजमध्ये येऊ शकली, त्यात या मिश्रधातूचा वाटा इंजिनाइतकाच मोठा आहे असं माझं मत आहे.

अमेरिकेत 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी बांधणाऱ्यांची ईएए ही संघटना सुरू केली. तेव्हा बहुतेक घरगुती विमानं लाकूड, कापड आणि नळ्यांची असत. जॉन थॉर्प यांच्या टी-18 ने 1964 मध्ये उड्डाण केलं आणि पत्र्याचं विमान सामान्य माणसाच्याही आवाक्यातलं आहे हे दिसलं. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांचं आरव्ही-3 1971 मध्ये उडालं, 1973 मध्ये त्यांची कंपनी निघाली. आरव्हीच्या एका विमानात हजारो रिव्हेट असतात. हजारो ठोके म्हटले की काही चुकणारच.

आपल्याकडे हा प्रवास कारखान्यांतून झाला. वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभारली. तिथेच डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण धातूचं एचटी-2 विमान तयार होऊन 1951 मध्ये उडालं. मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाला 2017 मध्ये नोंदणी मिळाली. कारखान्यात रिव्हेट मारणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. घरी बांधणाऱ्याला दोन्ही कामं बहुधा स्वतःच करावी लागतात, म्हणून त्याला मोजमापं पाठ हवीत.

रिव्हेटला एका बाजूला तयार डोकं असतं, दांड्याचं दुसरं टोक ठोकून मागचं डोकं होतं. ठोकून झाल्यावर या मागच्या डोक्याची रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी. म्हणजे 1/8 इंचाच्या रिव्हेटला 3/16 इंच रुंदी, 1/16 इंच उंची. डोकं किंचित कमी-जास्त भरलं, जरा कललं, तर नियमांत थोडी सूट आहे आणि ती सूट घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन. काढायचाच झाला तर तयार डोक्याच्या बरोब्बर मध्यावर, फक्त डोक्याच्या जाडीइतकं ड्रिल करायचं, सुंब्याने डोकं मोडायचं आणि पत्र्याला मागून आधार देऊन दांडा हलकेच बाहेर ठोकायचा. ड्रिल जरा सरकलं की गोल भोक लांबट होतं. नवा रिव्हेट ते नीट भरत नाही आणि दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा वाईट ठरते.

इतिहासात अशा भोकांची आणि जोडांची किंमत फार मोठी मोजली गेली आहे. 1954 मध्ये कॉमेट जेट विमानं हवेत फुटली. एल्बाजवळ पडलेल्या विमानाच्या अवशेषांत, छतावरच्या अँटेनाच्या खिडकीच्या कोपऱ्याशी, रिव्हेटच्या भोकापासून थकव्याची, म्हणजे धातूवर वारंवार ताण पडून होणारी, भेग निघालेली सापडली. जपान एअरलाइन्सच्या 747 ची शेपटी 1978 मध्ये धावपट्टीला घासली होती. केबिनमधल्या हवेचा दाब अडवणाऱ्या मागच्या भिंतीच्या दुरुस्तीत जोडपट्टी अशी बसली की जिथे दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे एकाच ओळीवर तो आला. 12 ऑगस्ट 1985 ला ती भिंत फाटली आणि 520 माणसं गेली. फेअरबर्नचे 70 आणि 56 हे आकडे तेव्हा जवळजवळ दीडशे वर्षांचे झाले होते.

हौशी बांधणाऱ्यांनी यावर जो उपाय उचलला तो मला फार आवडतो. एक खास रिव्हेट ते 'ऊप्स रिव्हेट', म्हणजे 'अरेच्चा, चुकलं' रिव्हेट, म्हणून ओळखतात. त्याचा दांडा 1/8 इंचाचा, पण पत्र्यातल्या खळगीत बुडून बसणारं सपाट डोकं 3/32 इंचाच्या रिव्हेटच्या मापाचं. भोक बिघडलं की ते 1/8 पर्यंत मोठं करून नीट गोल करायचं आणि आधीच्याच खळगीत हा रिव्हेट बसवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

मात्र मोजपट्टी काढल्याशिवाय हा उपाय करू नये. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून निदान दोन व्यास आत हवा. 3/32 साठी हे अंतर 3/16 इंच होतं, 1/8 साठी पाव इंच. आराखड्याने कड 3/16 वरच ठेवली असेल तर जाड दांड्याला तिथे जागा नाही. मग ड्रिल खाली ठेवून आराखडा देणाऱ्याला विचारायचं, आणि त्याने सांगितलं तर तो भाग नवा करायचा.