थेसली

थेसली : मध्य ग्रीसमधील प्रशासकीय प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे 14,000 चौ. किमी., म्हणजे नाशिक जिल्ह्यापेक्षा थोडे कमी. लोकसंख्या सुमारे 6.9 लाख (2021). मुख्य ठिकाण लारिसा. लारिसा, मॅग्नेशिया, स्पोरादेस, त्रिकाला आणि कार्दित्सा असे पाच विभाग यात येतात. स्पोरादेस विभागात स्कियाथोस, स्कोपेलोस आणि अलोनिसोस ही बेटे येतात. भूगोलात याच द्वीपसमूहात गणले जाणारे स्कीरोस बेट मात्र शेजारच्या प्रदेशात मोडते. हा प्रशासकीय प्रदेश 1987 मध्ये आखला गेला. राज्यपाल आणि प्रादेशिक परिषद लोकांनी निवडून देण्याची पद्धत 2011 पासून सुरू झाली.

थेसली म्हणजे डोंगरांनी वेढलेली परात. उत्तरेला ऑलिंपस (2,918 मी.), पूर्वेला समुद्राच्या कडेने ओसा (1,978 मी.) व पेलिऑन (1,624 मी.), दक्षिणेला ओथ्रिस आणि पश्चिमेला पिंडसची लांबलचक रांग. मधले मैदान ग्रीसमधले सर्वांत मोठे आहे. ठेंगण्या टेकड्यांमुळे त्याचे पश्चिम आणि पूर्व असे दोन भाग पडले आहेत. चारही बाजूंनी उतरणारे जवळजवळ सगळे पाणी पिनिओस या एकाच नदीला मिळते. ही नदी आधी कालामाकीच्या चिंचोळ्या वाटेने पश्चिम मैदानातून पूर्व मैदानात येते आणि मग ऑलिंपस व ओसा यांच्यामधल्या टेंपीच्या सुमारे 10 किमी. लांबीच्या घळईतून समुद्र गाठते. परातीला तोटी एकच, तीही अरुंद. थेसलीचा इतिहास आणि शेती समजून घ्यायची तर सुरुवात या तोटीपासूनच करावी लागते.

ही गोष्ट प्राचीनांनाही ठाऊक होती. थेसली हे पूर्वी सरोवर होते आणि पोसायडनने भूकंप घडवून टेंपीची वाट फोडली, अशी समजूत हिरॉडोटसने नोंदवली आहे. इ. स. पू. 480 मध्ये चालून आलेल्या इराणी सम्राट झर्क्सिसने टेंपीचे मुख पाहून विचारले, की नदी दुसरीकडून नेता येईल का? वाटाड्यांनी सांगितले, दुसरी वाटच नाही. तेव्हा तो म्हणाला, थेसलीचे लोक वेळेवर शरण आले हे शहाणपणाचे झाले. ही घळ बुजवली असती तर त्यांचा सगळा मुलूख पाण्याखाली गेला असता.

हवामान समुद्रकाठच्या ग्रीसपेक्षा कडक आहे. लारिसात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, तर हिवाळ्यात धुके आणि हिमतुषार नित्याचे असतात. पाऊस पिंडसवर भरपूर पडतो. पूर्व मैदानात मात्र वर्षाला 400 ते 450 मिमी.च, आणि तोही बहुतेक थंडीत. पिकाला पाणी हवे तेव्हा आकाश कोरडे, असा हा मेळ आहे.

कापसाचे गणित इथेच अडते. युरोपीय संघातला बहुतांश कापूस ग्रीसमध्ये पिकतो आणि त्यात थेसलीचा वाटा मोठा आहे. 1981 मध्ये ग्रीस युरोपीय समुदायात गेला, कापसाला अनुदान मिळू लागले आणि गव्हाची कोरडवाहू जमीन झपाट्याने कापसाखाली आली. पेरणी एप्रिलमध्ये होते. जून ते ऑगस्ट पीक पूर्णपणे ओलितावर वाढते. बोंडे फुटू लागली की पानगळ घडवणारे रसायन फवारतात, कारण वेचणी यंत्राने होते आणि हिरवी पाने रुईत आली तर डाग पडून प्रत उतरते. सप्टेंबरअखेर यंत्रे शेतात उतरतात. याच दिवसांत पाऊस आला तर उमललेला कापूस भिजून काळवंडतो, बंद बोंडे कुजतात, शिवाय जड यंत्र चिखलात जाता येत नाही. विदर्भातील वाचकाला परतीच्या पावसाचे हे दुखणे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच, की तिथला कापूस मुख्यतः पावसावर वाढतो आणि हाताने वेचला जातो.

ओलितासाठी हजारो कूपनलिका खणल्या गेल्या. भूजल खाली गेले, विजेचा खर्च वाढला, फार्साला गाव आणि कार्ला सरोवराच्या परिसरात जमीन खचून भेगा पडल्या. पाणी उपसले की मातीतले चिकणमातीचे थर दबतात; पुढे पाऊस चांगला झाला तरी ते पूर्ववत फुगत नाहीत, म्हणून ही हानी भरून येत नाही. पश्चिमेकडे स्थिती जरा बरी आहे. तिथे 1959 मध्ये पुऱ्या झालेल्या प्लास्तिरास धरणाने आखेलोस खोऱ्यातले पाणी पूर्वेकडे वळवून वीज, पिण्याचे पाणी आणि कार्दित्साच्या शेतीला ओलित दिले. खुद्द आखेलोस नदीचे पाणी बोगद्याने आणण्याची मोठी योजना मात्र दशकानुदशके न्यायालयात अडकली, आणि 2014 मध्ये ग्रीसच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती पुन्हा रद्द ठरवली.

कार्ला सरोवराची कथा सर्वांत बोधप्रद आहे. पूर्व मैदानातले हे उथळ सरोवर पुराचे पाणी सामावून घेई; त्याचा पसारा ऋतूप्रमाणे कमी-जास्त होई. हिवताप हटवावा आणि जमीन मिळावी म्हणून 1962 मध्ये बोगदा खणून ते पागासेतिक आखातात रिकामे केले. मासेमारी संपली, उघडी पडलेली जमीन बरीच खारवट निघाली, विहिरींना पाझर मिळेनासा झाला. अखेर तळाच्या काही भागाला बांध घालून सुमारे 38 चौ. किमी.चा जलाशय पुन्हा उभारला गेला. सरोवर रिकामे करणे स्वस्त पडले. परत आणायला मात्र अर्धे शतक आणि अफाट पैसा लागला.

सप्टेंबर 2023 मध्ये ‘डॅनियल’ वादळ आले. पेलिऑनवरच्या झागोरा गावी एका दिवसात 754 मिमी. पाऊस नोंदला गेला. मुंबईच्या 26 जुलै 2005 च्या पावसाशी (944 मिमी.) त्याची तुलना करता येईल, पण हे सगळे भूमध्यसागरी प्रदेशात घडले. पाणी तोटीतून निघेना. पश्चिम मैदानातील पलामास, व्लोखोस, मेतामोर्फोसी ही गावे बुडाली, 17 माणसे दगावली, 70,000 हेक्टरांच्या आसपास जमीन पाण्याखाली गेली आणि वेचणीवर आलेला कापूस सडला. कार्लाने आपली जुनी हद्द स्वतःच परत घेतली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2024 मध्ये, त्या पुरासोबत पसरलेले गोड्या पाण्यातले मासे आखातात वाहत येऊन खाऱ्या पाण्यात मेले. आखातावरच्या व्होलोस बंदराच्या किनाऱ्यावरून 100 टनांहून अधिक मासे उचलावे लागले.

सेस्क्लो आणि दिमिनी येथील नवाश्मयुगीन वसाहतींमुळे युरोपातल्या आद्य शेतीच्या अभ्यासात थेसलीचे स्थान मोठे आहे. सपाट कुरणांमुळे प्राचीन काळी इथले घोडदळ नावाजलेले होते. लारिसाच्या नाण्यांवर घोडाच आहे. किनोस्केफाली (इ. स. पू. 197) आणि फार्सालस (इ. स. पू. 48) या दोन निर्णायक लढाया याच मैदानाच्या दक्षिण भागात झाल्या. पंधराव्या शतकापासून ऑटोमन सत्ता स्थिरावली. त्या काळातला अँबेलाकियाचा उद्योग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. टेंपीवरच्या या डोंगरी गावात सूत राखेच्या क्षाराने आणि ऑलिव्ह तेलाने पुनःपुन्हा भिजवून-वाळवून, तुरटी देऊन, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या रंगात उकळत. तेलाचे हात कमी पडले तर रंग फिका बसे. रंगारी, सूत कातणारे आणि भांडवलदार यांची भागीदारी 1778 मध्ये उभी राहिली. तिचे लाल सूत व्हिएन्नापर्यंत जाई. यंत्राच्या स्वस्त इंग्लिश सुतापुढे आणि 1811 च्या ऑस्ट्रियन दिवाळखोरीत ती बुडाली.

1881 मध्ये थेसली ग्रीसला मिळाली, पण कुळांना त्याचा जाच झाला. तुर्क मालकांच्या जहागिरी परदेशस्थ धनिक ग्रीकांनी विकत घेतल्या होत्या. नव्या कायद्याने त्यांची मालकी निरपवाद झाली आणि कुळांचे वहिवाटीचे हक्क गेले. 6 मार्च 1910 रोजी लारिसाच्या सभेला निघालेल्या शेतकऱ्यांना किलेलेर स्थानकावर बिनतिकीट गाडीत चढू दिले नाही. दगडफेक झाली, सैन्याने गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. जमीनवाटप खऱ्या अर्थाने 1923 नंतर, आशिया मायनरमधून निर्वासितांचे लोंढे आल्यावरच झाले. आजची लहान-लहान तुकड्यांची शेते हा त्याचाच वारसा आहे.

व्होलोस हे बंदर व औद्योगिक शहर. 1955 च्या भूकंपानंतर ते बरेचसे नव्याने बांधले गेले. कालांबाकाजवळ, गोट्यांच्या पिंडाश्माच्या सुळक्यांवर मेतेओराचे मठ आहेत (जागतिक वारसा, 1988). चोवीसपैकी सहा आजही चालू असून पर्यटकांची मुख्य गर्दी तिथेच असते. झागोराची सफरचंदे आणि तिर्नावोसचे त्सिपुरो मद्य प्रसिद्ध आहे. इथे बनणाऱ्या फेटा चीजसाठी किमान 70 टक्के मेंढीचे दूध लागते, उरलेले शेळीचे चालते, आणि ते दोन महिने तरी मुरवावे लागते. 2024 च्या उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांत पीपीआर या विषाणुजन्य रोगाची साथ आल्याने हा धंदाही अडचणीत आला. फार्सालाचा हलवा मक्याच्या स्टार्चच्या पिठीचा. साखर, तूप आणि बदाम घालून तो मोठ्या कढईत घोटतात, वरून साखर करपवून कुरकुरीत पापुद्रा आणतात. पिठी नीट शिजली नाही तर तो चिकट राहतो, म्हणून पारदर्शक होईपर्यंत हात थांबवत नाहीत.