विष किती, यापेक्षा सांगितलं कोणी

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे २० जण दगावले. साखरेत जिप्सम या खनिजाच्या पुडीची भेसळ करण्याची रीतच होती. औषधाच्या दुकानातून जिप्समऐवजी चुकून आर्सेनिक हे विष दिलं गेलं. उरलेल्या गोळ्या कोणी खाऊ नयेत म्हणून गावभर दवंडी पिटावी लागली. माल परत मागवण्याचं हे जुनं रूप. संताप उसळला आणि १८६० मध्ये भेसळविरोधी कायदा झाला, पण तो बराच कमकुवत होता.

पुढे लोकांची भीती विषाच्या मात्रेवर कमी आणि खुलाशावर जास्त हलत गेली. फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेला पेरिए या फ्रेंच बाटलीबंद पाण्यात बेन्झीन हे कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आढळलं. प्रमाण एक अब्ज भागांत २० भागांहूनही कमी. कंपनीने जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या मागे घेतल्या. एवढ्यावर खरं तर शाबासकी मिळायची! पण आधी सांगितलं, दोष फक्त उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या मालात आहे, कामगाराच्या चुकीमुळे. मग युरोपातल्या बाटल्यांतही बेन्झीन निघालं. झऱ्याच्या वायूत ते मुळातच असतं आणि गाळण्या वेळेवर बदलल्या नव्हत्या, हेही उघड झालं. अमेरिकेतली गेलेली बाजारपेठ तिला पुरती परत मिळाली नाही. १९९२ मध्ये कंपनी नेस्लेने घेतली.

मे १९९० मध्ये, गुरांच्या मेंदूला होणाऱ्या ‘वेड्या गाईंच्या रोगा’ची धास्ती असताना, ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी गोमांस सुरक्षित असल्याचं दाखवायला कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीपुढे बर्गर धरला. मार्च १९९६ मध्ये सरकारनेच संसदेत कबूल केलं, की वेड्या गाईंच्या रोगाचा माणसांतल्या नव्या मेंदूविकाराशी संबंध असण्याची शक्यता आहे. आठवड्याभरात युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी घातली. शेतकरी आणि ग्राहक या दोघांची बाजू एकाच खात्याने सांभाळायची, ही व्यवस्थाच संशयास्पद ठरली होती. २००० मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र अन्न मानक संस्था सुरू झाली.

घाईने बोलण्याचीही किंमत पडते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जीवाणूची मोठी साथ आली, ५० हून अधिक माणसं मेली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी बोट दाखवलं स्पॅनिश काकडीकडे. दोष निघाला मोड आलेल्या मेथीचा. तोवर युरोपभर भाजीची मागणी कोसळली होती, आणि उत्पादकांसाठी युरोपीय संघाला २१ कोटी युरोंची भरपाई मंजूर करावी लागली.