१२० ग्रॅमची पुडी: गुलाबी बोंडअळी परत कशी आली

२०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी हिरवीगार बोंडं फोडली, तर आत कवडी झालेला कापूस आणि सरकी पोखरणारी गुलाबी अळी. बाहेरून छिद्रही दिसत नव्हतं. तेव्हापासून एकच वाक्य ऐकू येतं: शेतकऱ्यांनी ‘रेफ्युजी’, म्हणजे अळीला आसरा म्हणून लावायची साधी कपाशी, लावली नाही.

गुजरातेत २००१ साली विनापरवाना बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेली कपाशी, सापडली. मार्च २००२ मध्ये अधिकृत मंजुरी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. मंजुरीसोबत अट होती. बीटीभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त भरेल तेवढ्यावर बिगर-बीटी कपाशी लावायची. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळे. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडावी, हा हेतू.

तीन एकर कोरडवाहूवाल्याला याचा अर्थ एवढाच कळला की पाचवा हिस्सा अळीला खाऊ घालायचा. नुकसान त्याचं एकट्याचं, फायदा सगळ्या शिवाराचा, आणि भरपाई काहीच नाही. पुडी बांधावर पडली, नाहीतर नांग्या (बी न उगवलेल्या जागा) भरायला गेली. त्याला दोष देणं मला पटत नाही.

हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिला आयता आसरा होता. गुलाबी अळी जवळपास फक्त कपाशीवर जगते, त्यामुळे तिच्यासाठी त्या पाच ओळीच सर्वस्व होत्या. त्यात जनुक घातलं संकरित वाणांत. अशा झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्या विषाच्या, काही बिनविषाच्या निघतात, आणि ही अळी नेमकी सरकीच खाते. हे वाण लांब मुदतीचे, त्यावर पाणी देऊन फरदड, म्हणजे वेचणीनंतरही न उपटलेलं पीक, मार्चपर्यंत उभी राहिली की अळीला वर्षाचे बहुतेक महिने खायला मिळतं.

२०१० मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला अळी दाद देत नसल्याचं मान्य झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत ती दोन जनुकांवरही तगली.

आता पुडी गेली. ४७५ ग्रॅमच्या पाकिटातच थोडं बिगर-बीटी बियाणं मिसळून येतं.