गिरणीच्या जागेवरील औद्योगिक वसाहत (सोलापूर)

गिरणीच्या जागेवरील औद्योगिक वसाहत : बंद पडलेल्या कापडगिरणीची जमीन, इमारती आणि पाणी-विजेच्या जुन्या सोयी यांची फेरमांडणी करून तेथे अनेक लहान-मध्यम कारखान्यांसाठी उभारलेली वसाहत. मोकळ्या माळावर वसाहत वसवताना पहिली गाठ मोजणीदाराशी पडते. गिरणीच्या आवारात ती अवसायकाशी, म्हणजे बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या लिक्विडेटरशी पडते. सोलापुरात या विषयाला विशेष अर्थ आहे, कारण येथे गिरण्या गेल्या तरी कापड गेले नाही.

१८६० मध्ये रेल्वे सोलापुरात आली आणि आसपासच्या काळ्या रानातल्या कापसाला बाजार मिळाला. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने निघालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ मध्ये चालू झाली. तीच ‘जुनी मिल’. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या. भोंग्यावर शहराची पाळी ठरू लागली आणि गिरण्यांभोवती चाळी व पेठा वाढल्या. मुरारजी पेठेच्या नावात तो काळ अजून आहे.

बंद गिरणीचे काय करायचे, हा प्रश्न सोलापूरला नवा नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये जुन्या मिलच्या व्यवस्थापनाने गिरणी बंद केली. केंद्र सरकारने १९५० मध्ये आधी अध्यादेश आणि मग खास या एका कंपनीसाठी कायदा करून कारभार हातात घेतला. भागधारक न्यायालयात गेले. चरणजितलाल चौधरी खटल्यात (१९५०) कायदा टिकला. द्वारकादास श्रीनिवास खटल्यात (निकाल डिसेंबर १९५३) सर्वोच्च न्यायालयाने तो भरपाईविना मालमत्ता घेणारा म्हणून रद्द केला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हा एक. एका गिरणीच्या कुलपासाठी राज्यघटनेपर्यंत जावे लागले, हे सोलापूरकरही फारसे सांगत नाहीत. पुढे नरसिंग गिरजी गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, तरीही वाचली नाही. लक्ष्मी-विष्णूही नव्वदच्या दशकात थांबली.

दरम्यान विणकाम शहराच्या पूर्व भागात, बहुतांशी तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांच्या यंत्रमागांवर चालूच राहिले. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्ही सोलापुरी मालांना भौगोलिक मानांकन आहे. अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) औद्योगिक वसाहती आहेत. अलीकडे शाळेचे गणवेश शिवणारे कारखानेही वाढले आहेत. म्हणून गिरणीच्या जागेवर पुन्हा एखादी मोठी गिरणी मागणे व्यर्थ. येथे गरज आहे ती चार-सहा मागांच्या, पंचवीस शिलाई यंत्रांच्या गाळ्यांची, आणि रंगाई, सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ देणे), सांडपाणी प्रक्रिया अशा एकट्याला न पेलणाऱ्या सामाईक सोयींची.

सर्वांत जास्त वेळ देण्या-घेण्यात जातो. गिरणी बंद होते तेव्हा साचे (माग) थांबतात, कंपनी मात्र कागदावर कित्येक वर्षे जगते. बँकांचे तारण, वीजबिल, पालिकेचा कर आणि कामगारांची थकीत देणी एकाच जमिनीवर बसलेली असतात. कंपनी कायद्याच्या १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांच्या देण्यांना तारणधारकांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत ही बरोबरी अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांच्या देण्यांपुरती आहे; भविष्यनिधी (पीएफ) आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांसाठीचा निधी मात्र विक्रीच्या मालमत्तेत धरत नाहीत. प्रत्यक्षात अडते ते किरकोळ ठिकाणी. हजेरीपटावर कामगाराचे नाव एक, भविष्यनिधीच्या चिठ्ठीवर दुसरे, शिधापत्रिकेवर आडनाव आधी. तिकीट नंबर (कामगाराचा गिरणीतला क्रमांक) आठवणारा माणूस वारलेला असतो आणि दावा सुनेला मांडावा लागतो.

जमिनीचा कागदही सरळ नसतो. काही तुकडे खरेदीचे, काही सरकारी भाडेपट्ट्याचे. भाडेपट्ट्याची जमीन हस्तांतरित करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि अनर्जित उत्पन्नातला (जमिनीच्या वाढलेल्या भावातून आयता मिळालेल्या नफ्यातला) सरकारचा वाटा आला. नागरी जमीन कमाल धारणा कायदा सोलापूरलाही लागू होता. २००७ मध्ये महाराष्ट्रात तो गेला, पण त्याच्या कलम २० खाली उद्योगासाठी मिळालेल्या सवलतींच्या अटी मिळकतपत्रिकेवर उरल्या. शिवाय विकास आराखड्यात औद्योगिक विभागाचा निवासी विभाग करून घेण्याचा मोह मोठा असतो, ज्याला बोलीत ‘आय टू आर’ म्हणतात. शहराच्या मध्यावर घरांच्या जागेचा भाव गाळ्यांच्या भाड्याला हरवतो. सोलापुरातल्या गिरण्यांच्या जमिनीही त्यामुळे घरे व दुकाने यांकडेच झुकल्या. जाम मिलच्या कंपनीने तर आपले नावच ‘जामश्री रिअल्टी’ केले. प्रस्तुत नोंदीपुरते मत असे की, सगळी जमीन उद्योगासाठी राखण्याचा हट्ट टिकत नाही, पण एक भाग आधीच बांधून घेतला नाही तर काहीच उरत नाही.

कागद सुटला की जमीन बोलू लागते. जुन्या बॉयलरखान्याजवळ कमरेइतका खड्डा घेतला तर वर विटांचा राडा, त्याखाली कोळशाची राख आणि काचेसारखे चमकणारे खंगर, आणि मग काळी माती लागते. ही राखेची भर दाबून बसत नाही; काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. रंगखात्याजवळच्या मातीची आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी वेगळी. जुन्या रोहित्रांचे तेल आणि छपरावरचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे भंगारवाल्याच्या हाती जाण्याआधी अधिकृत विल्हेवाटीला धाडावे लागतात. नेमके इथेच बहुधा उलटे होते, कारण भंगार सर्वांत आधी विकले जाते.

इमारतींपैकी विणकामखाते सर्वांत उपयोगी. त्याचे दातेरी छप्पर काचेची बाजू उत्तरेला ठेवून बांधलेले असते, म्हणजे ऊन न येता सारखा उजेड मिळतो. शिलाईला तो हवाच असतो. उतरती बाजू आपोआप दक्षिणेला येते आणि सौर पॅनेलला तीच दिशा लागते. छप्पर पेलणाऱ्या कैच्यांची (ट्रस) ताकद मात्र आधी तपासावी लागते, आणि ॲस्बेस्टॉस असेल तर पत्रे बदलावे लागतात. फरशीवर साच्यांच्या रांगांची बोल्टची भोके दिसतात. त्या रांगांवरूनच खांबांमधले अंतर आणि गाळ्यांच्या भिंती कुठे येतील याचा अंदाज बांधता येतो. अडचण दाराची असते. बैलगाडीच्या मापाच्या फाटकातून चाळीस फुटी कंटेनर वळत नाही, अग्निशामक गाडीही नाही. त्यामुळे एखादे गोदाम पाडून आतला रस्ता रुंद करणे हे पहिले बांधकाम ठरते.

चिमणीचा निर्णय शेवटी होतो. विटांची गिरणीची चिमणी पाडायची तर वरून एकेक थर उतरवतात, राखायची तर तडे भरून वीजरोधक बसवतात. सोलापुरात चिमणी म्हटले की आता १५ जून २०२३ रोजी पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवते. ती होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या उड्डाणमार्गात येत होती.